मोठी

फॉर्म निळ्या शाईनेच भरा, काउंटरवरचा मुलगा म्हणाला.
रुग्णाचं नाव: चांगूबाई हासुराम म्हात्रे.
वय: बहात्तर, आधार कार्डाच्या मते.
गाव: करावे, नवी मुंबई.
रुग्णाशी नातं:
इथे पेन अडलं.

मी तिला मोठी म्हणते.
जिने मला जन्म दिला, ती धाकटी.
धाकटी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची,
वेणीला तेल मोठीचंच होतं, आधीपासून.

डॉक्टर तरन्नुम काझींनी फिल्म उजेडावर धरली
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं:
गर्भाची पिशवी एक नाही, दोन.
शेजारी शेजारी, पाठ फिरवून बसलेल्या जावांसारख्या
(हे मी म्हणतेय, त्या नाही).
डावीची वाट जन्मापासून सुईएवढी,
आता तीही बुजलेली, आत पू साठलेला.
त्या बाजूला मूत्रपिंडच नाही. कधी नव्हतंच.
फार क्वचित दिसतं, त्या म्हणाल्या,
आणि या वयात कळणं तर...
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

इतक्या वर्षांत कुणी बघितलंच नाही?
बघितलं ना. सासूने, सुईणीने,
पनवेलच्या एका कंपाउंडरने.
सगळ्यांनी बाहेरून.
तीनदा राहिलं, तीनदा गेलं,
तिसरं पाचव्या महिन्यात.
मग गावाने एका शब्दात निकाल दिला.
तो शब्द मी इथे लिहीत नाही.
पुढच्या वैशाखात नवऱ्याला पुन्हा हळद लागली,
मांडवात पाणी भरायला मोठीच.

हिशेब सोपा आहे.
तेव्हा कुणी हे चित्र काढलं असतं
तर मी नसते.
लिफ्टसमोर उभं राहून मी तो तीनदा केला,
उत्तर तेवढंच आलं.

फॉर्मवर लिहिलं, मुलगी.
शाई काळी होती. मुलगा काही बोलला नाही.

"मना कोन कापनार? यंतर का बाय?"
बाईच, आजी, डॉक्टर हसल्या.
मी कोपऱ्यात बसणार, डोळे लावून.
हात यंत्राचे, हलवणार मी.
एकाच मूत्रपिंडाची नळी जपायची आहे,
आणि तिथे आत माझं मनगट तेवढं वळत नाही.
मोठीने सलाइनच्या सुईसकट हात पुढे केला.
"माजं वलतं."

वळायचं, खरंच.
ओहोटीला, गुडघाभर चिखलातून जाऊन
खडकावर कालवं फोडायची ती:
कोयतीचं टोक शिंपल्याच्या फटीत,
एक हलका पीळ,
आणि आतला जीव अख्खा, न फाटता, वाटीत.
तो खडक भरावाखाली गेला.
या हॉस्पिटलच्या पार्किंगखालीच आहे, ती म्हणते.
मला पटत नाही, पण वाद घालत नाही.

साडेतीन तास.
टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच.
माझ्या पर्समध्ये तिच्या बुगड्या,
रुमालात गुंडाळलेली कवळी.
मी ती उगाच दोनदा चाचपली.

नळी शाबूत, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या.
कपाळावर यंत्राच्या चौकटीचा लाल वळ.
नातेवाईकांना दाखवावं लागतं, म्हणून ट्रे आणला:
उजवी सुक्या अंजिराएवढी,
डावी टम्म.
मी नको तितका वेळ बघत राहिले.
पहिल्यांदाच कुणी दोघींना एकत्र बघत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सूप परत पाठवलं,
जवल्याची चटणी मागितली, शिव्या दिल्या,
पोटावरच्या पाच पट्ट्या मोजल्या.
नर्स गेल्यावर हळूच म्हणाली,
"ती तिघा... कनचे पिशवीन व्हती गो?
डावे का उजवे?
डाक्तरीनला इचार."

विचारते, म्हटलं.

अजून विचारलेलं नाही.
गुरुवारी पट्ट्या काढायला जायचंय.